लिंबू आपले, नाव त्यांचे

मराठी मध्यमवर्गीय घरात मद्याचा विषय पूर्वी दोनच सुरांत निघत असे. एक निषेधाचा आणि दुसरा कुजबुजीचा. आता तिसरा सूरही ऐकू येऊ लागला आहे, आणि तो पाककृतीचा आहे. ज्या घरात चकलीच्या भाजणीचे प्रमाण वहीत उतरवून ठेवले जात असे, त्याच घरातील पुढची पिढी आज मार्गारिटाचे प्रमाण विचारते आणि पेल्याच्या कडेला मीठ कसे लावावे यावर वाद घालते. या बदलाचे स्वागत करावे की त्याबद्दल खेद मानावा, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. मात्र एखादी वस्तू घरात आली की ती कोठून आली, कशाची झाली आणि तिचे नाव व तिचे अंतरंग यांत किती अंतर आहे, हे विचारण्याचा अधिकार घराला आपोआप प्राप्त होतो. तुपाच्या बाबतीत गृहिणी जी चौकशी करते, ती पेल्याच्या बाबतीत का होऊ नये? या एका पेल्याची तशी चौकशी केली तर ती मेक्सिकोतील शेतांपर्यंत जाते आणि तेथून परत कोकणातील आमराईपर्यंत येऊन पोचते. हा विषय वरकरणी वाटतो तितका थिल्लर नाही, तो याच कारणाने.

तीन वस्तूंचा हिशेब

मार्गारिटा ही मुळात साधी गोष्ट आहे. टकीला, संत्र्याच्या सालीचा स्वाद असलेले गोड मद्य आणि ताज्या लिंबाचा रस एवढ्या तीनच वस्तू तिला लागतात. बर्फ आणि मीठ ही साहाय्यक मंडळी. मद्य मिसळणाऱ्या व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जे प्रमाण ठरविले आहे त्यात टकीला ५० मिलिलिटर, संत्र्याचे मद्य २० आणि लिंबाचा रस १५ मिलिलिटर असा हिशेब आहे. दोन भाग टकीला, एक भाग संत्र्याचे मद्य आणि एक भाग लिंबू असे याहून आंबट व याहून जुन्या वळणाचे प्रमाणही अनेक ठिकाणी प्रचारात आहे. ज्याच्या घरी शेकर नाही त्याचे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यानेही काम भागते. त्यात हे तिन्ही पदार्थ आणि भरपूर कोरडा, कठीण बर्फ घालून दहा-पंधरा सेकंद जोराने हलवावे आणि लगेच गाळून घ्यावे. हलविण्याचा हेतू केवळ थंड करणे हा नसतो. त्या अवधीत बर्फाचे थोडे पाणी मिश्रणात उतरते आणि त्यामुळेच मद्याचा उग्रपणा निवतो. ओला, पाझरणारा बर्फ वापरला तर हे पाणी प्रमाणाबाहेर जाते आणि सगळे मिश्रण मिळमिळीत होते.

या कृतीत चूक होण्यासारख्या जागा मोजक्या आहेत आणि बाजारातील बहुतेक मार्गारिटा नेमक्या त्याच जागी फसते. पहिली जागा लिंबाची. रस काढल्यापासून काही तासांतच त्याचा ताजा गंध उणावू लागतो, म्हणून तो आयत्या वेळीच पिळला पाहिजे. बाटलीतला टिकाऊ रस किंवा साखर, आम्ल आणि हिरवा रंग यांचे तयार मिश्रण हे लिंबाचे काम करू शकत नाही. लिंबू साल चुरगळेपर्यंत पिळणे हीसुद्धा चूकच. त्याने कडवटपणा उतरतो. दुसरी जागा मिठाची. मीठ हा निव्वळ शोभेचा भाग नव्हे. मिठामुळे जिभेला कडूपणा कमी जाणवतो आणि आंबट-गोड चव उठून दिसते, हा स्वयंपाकघरातील जुना अनुभव येथेही लागू पडतो. परंतु ते पेल्याच्या बाहेरच्या कडेला, आणि तेही अर्ध्याच कडेला, लावावे. म्हणजे प्रत्येक घोटाला मीठ हवे की नको हे पिणारा ठरवू शकतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची जागा बाटलीवरील चिठ्ठीची. तिचा विचार पुढे येईल.

लिंबू, मीठ आणि गोडी यांचा हा मेळ महाराष्ट्राला शिकविण्याची गरज नाही. उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हाती दिला जाणारा सरबताचा पेला याच तीन वस्तूंवर उभा असतो. टकीला वगळली तर मार्गारिटा ही त्या सरबताची दूरची बहीण ठरते. ज्याला मद्य वर्ज्य आहे त्याने या चर्चेत आपण काही गमावले असे मानण्याचे कारण नाही.

मापाचे भान

येथे एक हिशेब स्पष्टपणे मांडणे अवश्य आहे, कारण लिंबाच्या आंबटगोडपणाखाली तो झाकला जातो. टकीला आणि संत्र्याचे मद्य ही दोन्ही शेकडा चाळीसच्या आसपास मद्यार्काची असतात. वरच्या प्रमाणाने केलेल्या एका लहान पेल्यात सुमारे २८ मिलिलिटर, म्हणजे वजनाने २२ ग्रॅमच्या आसपास, शुद्ध मद्यार्क जातो. दहा ग्रॅमचे एक माप धरले तर एका पेल्यात दोन मापांहून अधिक मद्य असते. दोन पेले झाले की हिशेब चार मापांच्या पुढे जातो, आणि पिणाऱ्याला मात्र आपण सरबतच प्यालो असे वाटत राहते. मद्यार्काचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या वर्गात १९८८ सालीच झाला आहे, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येणार नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. घरी मोजून करणाऱ्याला हा हिशेब निदान दिसतो तरी. बारमधील मोठ्या, बर्फाळ पेल्यात तो दिसत नाही. घरच्या मार्गारिटाच्या बाजूने करता येण्यासारखा सर्वांत सबळ युक्तिवाद हाच आहे.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी लागते. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा नावाने व रूपाने अद्याप अस्तित्वात आहे. त्यानुसार मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो, आणि टकीलासारख्या कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. घर म्हणजे कायद्याबाहेरचे बेट, ही समजूत तरुणांत पुष्कळ आढळते. ती खरी नव्हे.

जन्माच्या दंतकथा

मार्गारिटा नेमकी कोणी प्रथम केली याविषयी मेक्सिकोत आणि अमेरिकेत इतके दावे आहेत, की त्यांची छाननी करणाऱ्याला आपल्याकडील संतचरित्रांतील चमत्कारांची आठवण व्हावी. तिहुआनाजवळच्या एका खानावळीच्या मालकाने १९३८ च्या सुमारास ती एका नटीसाठी केली म्हणतात. हुआरेस शहरातील एका मद्यसेवकाने ती १९४२ मध्ये केली म्हणतात. टेक्ससमधील एका धनिक स्त्रीने १९४८ मध्ये आकापुल्को येथील आपल्या बंगल्यात पाहुण्यांसाठी केली, असेही सांगतात. परंतु लंडनमध्ये १९३७ साली छापलेल्या एका मद्यकृतींच्या पुस्तकात 'पिकाडोर' या नावाने टकीला, संत्र्याचे मद्य आणि लिंबू यांचे हेच मिश्रण आढळते. शिवाय मद्य, आंबट रस आणि गोड स्वाद यांच्या मिश्रणांचा 'डेझी' नावाचा एक जुना प्रकार अमेरिकेत होताच, आणि त्या फुलाला स्पॅनिश भाषेत 'मार्गारिटा' म्हणतात. तेव्हा कोणा सुंदरीपेक्षा हे नाव एका भाषांतरातून आले असण्याचा संभव अधिक. डिसेंबर १९५३ मध्ये 'एस्क्वायर' या अमेरिकन मासिकाने तिची कृती छापली आणि पुढे तिचा प्रसार झपाट्याने झाला.

या प्रसाराची पुढची पायरी बोधप्रद आहे. मे १९७१ मध्ये डॅलस येथील उपाहारगृहाचे मालक मारियानो मार्टिनेझ यांनी मऊ आइस्क्रीम करण्याच्या यंत्रात फेरफार करून गोठलेली मार्गारिटा पुरविणारे यंत्र सिद्ध केले. ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. यंत्रामुळे हे पेय हजारो लोकांपर्यंत पोचले हे खरे. पण त्याबरोबर तयार मिश्रणे आली, साखर वाढली आणि टकीला कोणती आहे याला महत्त्वच उरले नाही. गोठलेल्या जिभेला चव कळत नाही, ही गोष्ट विकणाऱ्याच्या पथ्यावर पडली. ही गाडी पुन्हा रुळावर आणण्याचे प्रयत्नही झाले. सॅन फ्रान्सिस्को येथे हुलिओ बेर्मेहो यांनी १९९० च्या सुमारास संत्र्याचे मद्य वगळून त्याऐवजी अगेव्हच्याच रसाचा पाक घालण्याची रीत रूढ केली. त्यामागील आग्रह एवढाच होता, की ज्या वस्तूच्या नावावर हे पेय विकले जाते तिची चव तरी लागली पाहिजे.

नावामागचे राज्य

ही वस्तू म्हणजे टकीला. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात एका निद्रिस्त ज्वालामुखीच्या पायथ्याशी टकीला याच नावाचे गाव आहे. त्या परिसरात निळसर पात्यांचे अगेव्ह हजारो एकरांवर उभे असते. रोप लावल्यापासून कापणीपर्यंत सहा ते आठ वर्षे लागतात. 'हिमादोर' म्हणून ओळखला जाणारा कुशल कामगार लांब दांड्याच्या 'कोआ' या गोल पात्याच्या हत्याराने काटेरी पाने छाटतो आणि आतला गड्डा मोकळा करतो. अननसासारखा दिसणारा हा गड्डा कित्येकदा पन्नास किलोंच्याही वर भरतो. तो भट्टीत शिजवला की त्यातील पिष्टासारख्या द्रव्याची साखर होते. रस काढून आंबवतात आणि दोनदा गाळतात. रोपाची पक्वता नजरेने ओळखणे आणि पाने किती खोल छाटावीत हे ठरविणे, या दोन गोष्टींवर मद्याचा कस अवलंबून असतो. हे ज्ञान पुस्तकातले नाही. बापाकडून मुलाकडे आलेले आहे.

या पेयाला प्रतिष्ठा सहजासहजी मिळाली नाही. अगेव्हचा रस आंबवून केलेले 'पुल्के' हे तेथील मूळ रहिवाशांचे पेय स्पॅनिश स्वारीच्या कितीतरी आधीचे. तो रस गाळून मद्य करण्याची विद्या वसाहतकाळात वाढली, तेव्हा स्पेनहून येणाऱ्या मद्याच्या व्यापाराला झळ बसू नये म्हणून राजा तिसरा कार्लोस याने १७८५ मध्ये अशा स्थानिक मद्यावर बंदी घातली. दहा वर्षांनी धोरण बदलले आणि १७९५ मध्ये कुएर्वो घराण्यातील होसे मारिया ग्वादालुपे यांना ते गाळण्याचा अधिकृत परवाना मिळाला. परक्या सत्तेने महसुलासाठी स्थानिक मद्य दडपावे, ही कथा मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणि मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा १८९२ चा कायदा ही आपल्या भूमीवरील त्याच कथेची प्रकरणे होत.

फरक पडला तो पुढे. मेक्सिकोने ९ डिसेंबर १९७४ रोजी 'टकीला' या नावास उगमस्थानदर्शक संरक्षण दिले. हालिस्को हे राज्य आणि अन्य चार राज्यांतील ठरावीक तालुके वगळता जगात कोठेही केलेल्या मद्याला हे नाव लावता येत नाही. १९७८ मध्ये लिस्बन करारान्वये त्याची आंतरराष्ट्रीय नोंद झाली. १९९४ च्या उत्तर अमेरिकी व्यापार करारात आणि १९९७ मध्ये युरोपीय समुदायाशी झालेल्या करारात मेक्सिकोने हे नाव मान्य करून घेतले. भारताच्या भौगोलिक चिन्हांच्या नोंदवहीतही टकीलाची नोंद आहे. परंतु या सर्व कागदांना अर्थ आला तो १९९४ मध्ये स्थापन झालेल्या टकीला नियामक परिषदेमुळे. अगेव्हच्या लागवडीची नोंद, कारखान्यांची तपासणी आणि बाटल्यांची पडताळणी हे तिचे नित्याचे काम. प्रत्येक बाटलीवर कारखान्याचा चार आकडी क्रमांक असतो. ज्या बाटलीवर 'शंभर टक्के अगेव्ह' असे लिहिलेले असते, तिच्यात अन्य साखर चालत नाही आणि ती संरक्षित प्रदेशातच भरावी लागते. ज्या बाटलीवर तसे लिहिलेले नसते, तिच्यात अगेव्हची साखर निम्म्याहून थोडी अधिक, म्हणजे शेकडा ५१, असली तरी कायद्याचे समाधान होते. उरलेली उसाचीही असू शकते. घरी मार्गारिटा करणाऱ्याने बाटलीची चिठ्ठी वाचावी असे जे आरंभी म्हटले, ते या कारणासाठी. तिचे मोल देणाऱ्याला आपण पैसे कशाचे देतो हे कळलेच पाहिजे.

संरक्षणाची दुसरी बाजू

मेक्सिकोचे हे उदाहरण निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. नाव सुरक्षित झाले म्हणून शेतकरी सुरक्षित झाला असे घडलेले नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस रोग आणि थंडी यांनी अगेव्हचे पीक मार खाऊन गेले आणि भाव भडकले. भाव पाहून सर्वांनी लागवड केली. सहा-सात वर्षांनी ते सारे पीक एकदम तयार झाले आणि भाव किलोला एक-दोन पेसोंपर्यंत कोसळले. मग लागवड घटली, तुटवडा झाला, २०१८ नंतर भाव वीस-तीस पेसोंच्या घरात गेला; पुन्हा लागवड झाली आणि २०२४ पर्यंत तो परत एक आकडी झाला. कांद्याचे चढउतार सोसलेल्या नाशिकच्या शेतकऱ्याला हे चक्र समजावून सांगावे लागणार नाही. कांद्याचे चक्र काही महिन्यांत फिरते आणि अगेव्हचे सहा-सात वर्षांत, एवढाच काय तो फरक. इकडे शेतकरी असा हेलपाटत असता तिकडे नावाचे मोल मात्र चढतच गेले. 'कासामिगोस' हा टकीलाचा ब्रँड २०१७ मध्ये दियाजिओने आणि 'पाट्रोन' २०१८ मध्ये बकार्डीने विकत घेतला. दोन्ही खरेदीदार परदेशी, आणि व्यवहार अब्जावधी डॉलरांचे. प्रदेशाच्या नावाला संरक्षण मिळाले; त्या नावाच्या नफ्यातला हिस्सा प्रदेशात किती राहावा, हे त्या संरक्षणाने ठरविले नाही.

निसर्गानेही किंमत मोजली आहे. अगेव्हला फुलोरा आला की गड्ड्यातील साखर खर्च होते; म्हणून फुलण्यापूर्वीच रोप कापतात आणि नवी लागवड बुडख्याशी येणाऱ्या फुटव्यांपासून करतात. परिणामी मैलोगणती शेतांत एकाच रक्ताची रोपे उभी राहतात आणि एका रोगाने सर्वांनाच धोका पोचतो. या फुलांच्या मधावर जगणारी आणि बदल्यात परागीभवन करणारी लांब नाकाची वटवाघळे त्यामुळे अन्नास मुकतात. शेतातील शेकडा पाच रोपे तरी फुलू द्यावीत, असा आग्रह काही शास्त्रज्ञांनी आणि उत्पादकांनी मिळून धरला आहे, आणि तो सर्वस्वी योग्य आहे. शिवाय एक लिटर टकीलामागे दहा लिटरांहून अधिक आम्लयुक्त सांडपाणी निघते. हालिस्कोच्या ओढ्या-नद्यांनी ते कोठवर सोसावे?

लिंबाचीही कथा याहून सुखाची नाही. मिचोआकान राज्य हे मेक्सिकोच्या लिंबाचे आगर. तेथील बागायतदारांकडून गुन्हेगारी टोळ्या किलोमागे खंडणी वसूल करतात. ऑगस्ट २०२४ मध्ये या तगाद्यामुळे तेथील अनेक पॅकिंग केंद्रे काही काळ बंद ठेवण्यात आली. पेल्याच्या कडेवर दिमाखाने बसलेल्या लिंबाच्या चकतीला एवढा इतिहास चिकटलेला असतो.

बांधावरचे घायपात

याच लिंबापाशी मार्गारिटाचे महाराष्ट्राशी असलेले खरे नाते उघड होते. अमेरिकेतील बारमध्ये बहुधा मोठे, बिनबियांचे पर्शियन लिंबू वापरतात. परंतु मेक्सिकोच्या घराघरांत वापरले जाणारे लहान, पातळ सालीचे, बियांचे, तीव्र गंधाचे लिंबू म्हणजे आपले कागदी लिंबूच होय. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकाच जातीची. या जातीचे मूळ भारताच्या ईशान्य भागापासून मलायापर्यंतच्या पट्ट्यात मानले जाते. अरबांनी ते पश्चिमेस नेले आणि स्पॅनिश दर्यावर्द्यांनी अटलांटिकपार. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या 'साई सरबती' वाणाचे लिंबू मंडईतून आणून मार्गारिटा करणारा पुणेकर, फळाच्या बाबतीत तरी, न्यूयॉर्कमधील बारपेक्षा मूळ मेक्सिकन चवीच्या अधिक जवळ असतो.

उलट दिशेने मेक्सिकोहून आपल्याकडे आले ते अगेव्ह. युरोपीयांनी आणलेली त्याची निरनिराळी भावंडे घायपात किंवा केकताड म्हणून दख्खनच्या बांधावर कुंपणासाठी लागली आणि त्यांच्या पानांतील वाखाचे दोर वळण्यावर कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चालला. दख्खनच्या पठारावरील या घायपाताच्या गड्ड्यापासून मद्य गाळण्याचा प्रयत्नही भारतात यशस्वी झाला आहे. मात्र त्याला टकीला म्हणता येत नाही, आणि ते न्याय्यच आहे. ज्या मातीने आणि ज्या हातांनी नाव कमावले, नाव त्यांचेच राहिले पाहिजे. येथे प्रश्न उभा राहतो तो असा, की दुसऱ्याच्या नावाचा मान कायद्याने राखणारे आपण स्वतःच्या नावांचे काय करतो?

याचे उत्तर भूषणावह नाही. भौगोलिक चिन्हांचा कायदा भारताने १९९९ मध्ये केला आणि तो २००३ मध्ये अमलात आला. गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये या कायद्याखाली नोंद मिळाली. तरीही 'देशी दारू' या वर्गाचा शिक्का तिच्यावर कायम होता आणि त्यामुळे राज्याबाहेर तिला रीतसर बाजार मिळणे दुरापास्त झाले होते. गोवा सरकारने २०१६ मध्ये तिला वारशाच्या पेयाचा दर्जा दिला, तो नोंदीनंतर सात वर्षांनी. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये नोंद मिळाली. पण मुंबई-पुण्याच्या बाजारात दरवर्षी कर्नाटकचा आंबा 'हापूस' म्हणून सर्रास विकला जातो आणि ग्राहक पेटीवरील गवतावर व विक्रेत्याच्या शपथेवर विसंबून पैसे मोजतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये नोंद मिळाली; जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या कंपनीने तशीच पादत्राणे मूळ नावाचा उल्लेखही न करता मांडली. आपल्याकडे संतापाची लाट उठली, तेव्हा कुठे कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. संताप हे तपासणीचे साधन नव्हे. तो वर्षातून एकदा येतो, आणि तपासणी रोज लागते.

टकीलापासून शिकण्यासारखे असेल तर ते हेच. नोंदणीचे प्रमाणपत्र ही संरक्षणाची सुरुवात असते. मालाची तपासणी करणारी, वेष्टनावर उत्पादकाचा क्रमांक छापून घेणारी आणि खोटे नाव लावणाऱ्यास न्यायालयात खेचणारी स्वायत्त यंत्रणा उभी राहिली नाही, तर ते प्रमाणपत्र भिंतीवरची तसबीर होऊन बसते. महाराष्ट्राने हापूस आणि कोल्हापुरी चप्पल यांसाठी अशा यंत्रणेचा आरंभ केला पाहिजे, आणि तो करताना मेक्सिकोने जे केले नाही तेही केले पाहिजे: नावाच्या वाढत्या मोलातील ठरावीक वाटा बागायतदार व चर्मकार यांच्यापर्यंत पोचण्याची तरतूद नियमांतच हवी. अन्यथा नाव उजळेल आणि ते कमावणारे हात रितेच राहतील. हालिस्कोच्या शेतकऱ्याचा अनुभव याहून वेगळा नाही.

सरकारने हे करीपर्यंत ग्राहकाला हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. परदेशी बाटलीवरील चार आकडी क्रमांक निरखून पाहणारा सुशिक्षित मराठी माणूस आंब्याच्या पेटीपुढे मात्र निमूटपणे पाकीट उघडतो. तीच चौकस नजर त्याने मंडईतही वापरावी, पेटीवर बागेचे नाव आणि नोंदणीचा क्रमांक मागावा आणि तो नसेल तर हापूसचा भाव देण्याचे नाकारावे. विक्रेता पहिल्या दिवशी हसेल. दहा ग्राहकांनी तोच प्रश्न विचारला, तर अकराव्यासाठी तो क्रमांक शोधून ठेवील.